'शुगर फ्री'ची पाटी आणि गोडाचे माप

दिवाळी उरकली, धान कापणीला आला की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. मोहाडी तालुक्यातल्या करडी परिसरातही गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवले जाते. अलीकडे या पाहुणचारात एक नवा प्रश्न शिरला आहे. घरातल्या आजोबांना 'शुगर' आहे, मामींची 'बॉर्डर'वर आहे, मग त्यांना द्यायचे काय? त्याचे उत्तर भंडारा-तुमसरच्या मिठाईच्या दुकानात तयार मिळते: 'शुगर फ्री' बर्फी, 'डायट' बिस्किटे, 'बिनसाखरे'चे लाडू. किंमत थोडी जास्त, पण मनाला समाधान. आता हवे तेवढे खायला हरकत नाही, असे खाणाऱ्यालाही वाटते आणि वाढणाऱ्यालाही.

या 'हवे तेवढे'मध्येच खरी अडचण आहे. पाटीवरच्या दोन शब्दांनी पदार्थातली साखर कमी होते की नाही, हा पुढचा प्रश्न. खाणाऱ्याच्या मनातले माप मात्र त्या पाटीने नक्की सुटते.

हा प्रश्न फक्त शहरातला राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे प्रौढांपैकी चारातल्या एकाला आज ना उद्या 'गोड खाऊ की नको' हे ठरवावेच लागणार आहे. याच पाहणीतून २०२५ मध्ये पुढे आलेली दुसरी माहिती भंडाऱ्यासारख्या भाताच्या जिल्ह्याने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. भारतीयांच्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यतः भात, पोळी आणि साखरेतून येते. दोन्ही वेळा ताटभर भात जेवणाऱ्या माणसाच्या पोटात मिठाईचा तुकडा रिकाम्या जागी पडत नाही, तो भरलेल्या पोत्यावर पडतो.

बर्फीतली साखर काढली, मग राहिले काय?

कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये साखरेच्या शेकडो पट गोड असतात. सुक्रालोज साधारण ६०० पट गोड आहे. याचा अर्थ ३० ग्रॅम साखरेची गोडी आणायला सुक्रालोज लागते फक्त ५० मिलिग्रॅम, चिमटीतही न मावण्याइतके. गोडी आली, पण वजन गेले. मिठाईत साखर नुसती गोडीसाठी नसते. ती पदार्थाला भरीवपणा देते, वडी पाडू देते, टिकवते. ती काढली की तिची जागा कशाने तरी भरावी लागते.

खव्याच्या बर्फीचा ढोबळ हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम साध्या बर्फीत ७० ग्रॅम खवा आणि ३० ग्रॅम साखर धरली, तर खव्याच्या सुमारे २९५ आणि साखरेच्या १२० अशा एकूण ४१५ कॅलरी होतात. आता साखर काढून तिच्या जागीही खवाच घातला, तर १०० ग्रॅमला सुमारे ४२० कॅलरी होतात. म्हणजे वजनाच्या दृष्टीने फरक शून्य, आणि तुपाचा अंश मात्र वाढला. साखरेच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी असतात, तर स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला ९. काजू कतलीत काजू वाढवले तर हे पारडे आणखी जड होते. ज्या मधुमेही माणसाचे वजन आणि कोलेस्टेरॉल आधीच जास्त आहे, त्याला या अदलाबदलीत काही मिळत नाही.

दुसरी गोष्ट, खव्यात दुधाची स्वतःची साखर असतेच, साधारण पाचवा हिस्सा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार 'शुगर फ्री' म्हणवण्यासाठी १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असता कामा नये. 'वरून साखर घातलेली नाही' हा वेगळा दावा आहे. दुकानातल्या काचेमागच्या पाटीवर हे दोन्ही अर्थ सर्रास एकच होऊन बसतात. खजुराच्या 'शुगर फ्री' वडीचेही तसेच. खजुराच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग साखरच असतो. ती ऊसाची नाही, एवढेच.

साखरेची जागा भरायला वापरले जाणारे आणखी दोन पदार्थ म्हणजे माल्टिटॉल आणि माल्टोडेक्स्ट्रिन. माल्टिटॉलला साखरेच्या साधारण निम्म्या कॅलरी असतात आणि तो रक्तातली साखर कमी वेगाने चढवतो. पण चढवत नाही, असे नाही. जास्त खाल्ला तर पोट फुगते, जुलाब होतात. म्हणूनच अशा पाकिटांवर तसा इशारा छापलेला असतो. माल्टोडेक्स्ट्रिन हे तर मक्यासारख्या पिष्टापासूनच बनते आणि रक्तात जवळपास ग्लुकोजच्या वेगाने उतरते. पाकिटाच्या पुढच्या बाजूला 'शुगर फ्री' आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात माल्टोडेक्स्ट्रिन, अशी जोडी दिसली तर मागची बाजू खरी मानावी.

सुक्रालोज आणि एक मराठी नाव

ही द्रव्ये मुद्दाम शोधली गेली नव्हती. १८७९ मध्ये सॅकरीनचा शोध लागला तो अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हाताला लागलेली गोडी जेवताना जाणवली म्हणून. १९६५ मध्ये अस्पार्टेम सापडले ते पोटातल्या अल्सरच्या औषधावर काम चालू असताना. सुक्रालोजच्या गोष्टीत तर एक मराठी आडनाव आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये शशिकांत फडणीस हे संशोधक प्राध्यापक लेस्ली हॉफ यांच्याकडे साखरेच्या क्लोरीनयुक्त संयुगांवर काम करत होते. संयुगाची 'टेस्ट' म्हणजे चाचणी करा, असे सांगण्यात आले. फडणीसांनी ते 'टेस्ट' म्हणजे चव घ्या असे ऐकले आणि जिभेवर ठेवून पाहिले, असे सांगितले जाते. त्या गैरसमजातून आज जगभर वापरले जाणारे द्रव्य मिळाले.

यांतली मान्यताप्राप्त द्रव्ये ठरलेल्या मर्यादेत विषारी नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' या गटात टाकले, तेव्हा बरीच घबराट झाली. पण त्याच दिवशी संघटनेच्याच दुसऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला डायट पेयाचे रोज नऊहून अधिक डबे प्यावे लागतील. चहात एक गोळी टाकणाऱ्याने यामुळे झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

भीतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न उपयोगाचा आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या द्रव्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा असंसर्गजन्य आजार टाळण्यासाठी त्यांचा वापर करू नये, असे त्यात म्हटले आहे. कारण उपलब्ध अभ्यासांत दीर्घकाळात चरबी कमी झाल्याचे दिसले नाही. उलट नियमित वापर करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. अर्थात आधीच जाड असलेले किंवा धोक्यातले लोकच ही उत्पादने जास्त घेतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवणे अवघड आहे. संघटनेनेही ही शिफारस 'सशर्त'च ठेवली आहे. शिवाय ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, हा तपशील बातम्यांत बहुधा गळून गेला.

२०२२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी १२० निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग या शंकेला थोडा आधार देतो. मर्यादेपेक्षा कमी मात्रेत दोन आठवडे सॅकरीन आणि सुक्रालोज दिल्यावर काहींच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घटलेली दिसली. आतड्यातल्या जिवाणूंतही बदल झाले. परिणाम प्रत्येकात सारखा नव्हता आणि काळही थोडा होता. त्यामुळे यावरून घाबरण्यासारखा निष्कर्ष काढता येत नाही. पण 'शून्य कॅलरी म्हणजे शरीराला शून्य फरक' हे गृहीतही धरता येत नाही.

घरी गोडधोड करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अस्पार्टेम उष्णतेने मोडते आणि त्याची गोडी जाते. सुक्रालोज १२० अंशांवर तापवले तर हानिकारक संयुगे तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये दिला होता. म्हणजे तळणीत किंवा भट्टीत भाजायच्या पदार्थांत ही पूड घालू नये. घालायचीच तर पदार्थ खाली उतरवून कोमट झाल्यावर.

रानातला गोडवा, पण बेहिशेबी नव्हे

करडीच्या एका अंगाला कोका अभयारण्याचे जंगल, आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि मामा तलाव. या भागाला गोडाची उणीव कधीच नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले पडतात, मग चारं आणि टेंभरं, पावसाच्या सुरुवातीला जांभळं, दिवाळीच्या सुमारास सीताफळ आणि तलावातला शिंगाडा, थंडीत बोरं आणि पेरू. कोहळी समाजाने तलाव बांधून ऊस पिकवला आणि गूळ केला, तोही याच जिल्ह्यात. आज मोहाडी तालुक्यातच देव्हाड्याला साखर कारखाना आहे.

या गोडव्याला दोन नैसर्गिक आवर होते. एक ऋतूचा आणि दुसरा कष्टाचा. सीताफळ दोन महिन्यांत संपते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून गुळात मुरवावे लागतात, म्हणून अनारसा रोजचा पदार्थ होऊ शकला नाही. मोहफुले वेचून, वाळवून, भाजून, तिळाबरोबर कुटून केलेला लाडू डब्यातून एकेक काढला जाई. घरात खाणारी तोंडे दहा असली की एकाच्या वाट्याला एकच. पाकिटबंद गोडाने हे दोन्ही आवर काढून टाकले. आता बाराही महिने, बसल्या जागी, एकट्याला अख्खे पाकीट मिळते. 'डायट'चा शिक्का असला तर उरलीसुरली लाजही राहत नाही.

फळाचा फायदा नुसता जुनेपणाचा नाही. पेरूच्या १०० ग्रॅम गरात साखर साधारण ९ ग्रॅम आणि तंतू सुमारे ५ ग्रॅम असतात. चावून खावे लागते, पोट भरते, साखर रक्तात सावकाश उतरते. त्याच फळाचा रस काढून गाळला की तंतू जातात आणि साखर तेवढीच राहते. म्हणून रस म्हणजे फळ नव्हे. शिंगाडा गोडसर असला तरी त्यात मुख्यतः पिष्ट असते आणि तेल-तूप जवळपास नसते. उकडून सोललेले पाच-सहा शिंगाडे ही जिलेबीपेक्षा कितीतरी बरी न्याहारी आहे. मात्र मधुमेहींनी तो भातासारखाच मोजावा, आणि तलावातला शिंगाडा कच्चा न खाता धुऊन, उकडून खावा.

'नैसर्गिक' या शब्दाचीही एक पाटी होऊन बसली आहे, तिलाही भुलू नये. गूळ, मध, काकवी, खडीसाखर यांच्या कॅलरी साखरेच्या आसपासच आहेत. १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८०, साखरेत सुमारे ४००. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात, पण त्यासाठी गूळ खायचा तर तो इतका खावा लागेल की फायद्यापेक्षा तोटा मोठा. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास साखर भरलेली असते. 'मला शुगर आहे म्हणून मी फक्त गुळाचा चहा घेतो' हे वाक्य सरकारी दवाखान्यांच्या बाह्यरुग्ण विभागांत रोज ऐकू येते. ग्लुकोमीटरला मात्र गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस मिळून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. ५ टक्क्यांच्या आत ठेवले तर अधिक चांगले. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. दिवसातून तीन कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यातच हा कोटा संपतो. त्यामुळे बहुतेक घरांत पहिला बदल मिठाईत नव्हे, चहात करायला हवा. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले तर महिना-दीड महिन्यात जीभ सवय बदलते, आणि पूर्वीचा चहा पाकासारखा लागू लागतो. कृत्रिम गोडीने नेमके हेच होत नाही. साखर जाते, पण जिभेची मागणी तेवढीच तीव्र राहते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी काय करावे?

गोडावर कायमची बंदी घातली की ती फार दिवस टिकत नाही. चोरून खाल्ले जाते, आणि चोरून खाताना माप राहत नाही. त्यापेक्षा मोजून, उघडपणे, सर्वांसोबत खाल्लेला लहान तुकडा बरा. सणाच्या दिवशी बर्फीची एक लहान वडी किंवा एक अनारसा खायचा असेल, तर त्या जेवणातला एक वाटी भात कमी करावा. गोड उपाशीपोटी न खाता जेवणासोबत, आधी भाजी, वरण, उसळ खाऊन मग खावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी साखर तपासावी. कोणता पदार्थ आपल्याला किती चढतो, हे कोणत्याही पाटीपेक्षा ती तपासणी अधिक खरे सांगते. साखर आधीच फार वाढलेली असेल तर मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.

चहात सवय सुटेपर्यंत एखादी गोळी घेणे मधुमेहींना चालू शकते. पण ती कुबडी समजावी, पाय नव्हे. लहान मुलांना ही द्रव्ये देऊ नयेत, आणि गरोदर स्त्रियांनी, विशेषतः सॅकरीन, टाळावे. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना अस्पार्टेम वर्ज्य आहे.

सर्वांत महत्त्वाची सूचना वेगळीच आहे, आणि तिच्यावर जीव अवलंबून असू शकतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर कधी एकदम खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी घाईत 'शुगर फ्री' गोळी, डायट पेय किंवा बिनसाखरेचे बिस्कीट हाती दिले, तर उपयोग होत नाही आणि मोलाची मिनिटे जातात. तेव्हा खरी साखरच लागते: शुद्धीवर असलेल्या माणसाला पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांत साखर सावकाश पचते, त्यांच्यासाठी घरात ग्लुकोजची पूड ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, सरळ १०८ ला फोन करावा. ज्या घरात मधुमेही आहे त्या घरातून साखरेचा डबा पूर्ण हद्दपार करू नये, तो याचसाठी.

नियम बदलत आहेत, सवय बदलायची आहे

या विषयावर सरकारी पातळीवरही हालचाल आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, म्हणजे मुलांना कोणत्या पदार्थात किती साखर आहे ते दिसावे. पाकिटाच्या दर्शनी बाजूला इशारा छापण्याचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, चॉकलेट, केक, आइस्क्रीम यांच्यावरचा वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तर साखर किंवा अन्य गोडी घातलेल्या शीतपेयांवरचा ४० टक्के झाला. पेयांच्या बाबतीत कर आकारणाऱ्यांनी साखर आणि कृत्रिम गोडी एकाच पारड्यात टाकली, हे लक्षणीय आहे. बिस्किटे आणि केक मात्र ऐन दिवाळीच्या तोंडावर स्वस्त झाले. गावच्या दुकानात पाच-दहा रुपयांच्या पाकिटांची माळ त्यामुळे लांबेल, आखूड होणार नाही.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत होते. आशाताई त्यासाठी घरोघरी फॉर्म भरून घेतात. करडीसारख्या गावातल्या माणसाला त्यासाठी भंडाऱ्याची वाट धरावी लागत नाही. आपण मधुमेहाच्या कोणत्या बाजूला आहोत हे आधी कळले, तर गोडाचे माप ठरवणे सोपे जाते.

पुढचा सण संक्रांतीचा आहे. तीळ-गुळाचा एक मध्यम लाडू १५-२० ग्रॅमचा धरला, तर त्यात गूळ आठ-दहा ग्रॅम येतो, म्हणजे दिवसाच्या कोट्याचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त. असा एक लाडू बहुतेकांना चालतो. मधुमेहींनी अर्धा घ्यावा, आणि त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा. त्याऐवजी 'शुगर फ्री' वड्यांचा डबा विकत आणून तो दुपारपर्यंत संपवण्यात ना चव आहे, ना आरोग्य.